विश्लेषण : सात चालींत मात, नाव एका दिग्गजाचे… ‘शिलिंग गॅम्बिट’ ब्लॅकबर्न यांनी खरेच खेळला होता का?

रात्रीचे अकरा वाजलेत. झोपण्यापूर्वी मोबाइलवर तीन मिनिटांचा एक डाव खेळावा म्हणून तुम्ही बसता. पांढरी मोहरी तुमच्याकडे आहेत. तिसऱ्याच चालीत समोरचा अनोळखी खेळाडू आपला घोडा पुढे ढकलतो आणि मधले प्यादे चक्क उघडे टाकतो. तुम्हाला वाटते, चुकला! तुम्ही प्यादे मारता. आणखी तीन चालींनंतर तुमच्या राजाला मात बसलेली असते. डाव तपासायला घेतला की पडद्यावर नाव दिसते : ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट.

ऑनलाइन ब्लिट्झ खेळणाऱ्या बहुतेकांना या सापळ्याने कधी ना कधी पकडलेले असते. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये प्रस्तुत प्रतिनिधीनेही याच सापळ्यात एका रात्रीत दोन डाव गमावले आहेत. पण ज्यांचे नाव या सापळ्याला आहे ते जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न कोण होते? नावात शिलिंग का आले? आणि मुख्य प्रश्न : हा गॅम्बिट त्यांचा आहे तरी का? जाणून घेऊ.

गॅम्बिट म्हणजे काय? हा सापळा चालतो कसा?

डावाच्या सुरुवातीला एखादे प्यादे किंवा मोहरा मुद्दाम देऊ करायचा आणि बदल्यात वेग, जागा किंवा हल्ल्याची संधी मिळवायची, याला गॅम्बिट म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याचे मूळ पायात पाय घालून पाडण्याशी आहे. आपल्या कुस्तीत टांग मारतात, तसेच काहीसे.

शिलिंग गॅम्बिटची सुरुवात अगदी रोजच्या चालींनी होते. दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी ई४ आणि ई५ वर येतात. पांढरा घोडा एफ३ वर, काळा घोडा सी६ वर आणि पांढरा उंट सी४ वर येतो. इथे काळा आपला घोडा सी६ वरून थेट डी४ वर नेतो. ई५ वरचे प्यादे आता बिनसंरक्षित असते.

पांढऱ्याने घोड्याने ते प्यादे मारले की काळा वजीर जी५ वर येतो. एकाच वेळी तो पांढऱ्या घोड्यावर आणि जी२ वरच्या प्याद्यावर नेम धरतो. आता पांढऱ्याला दुसरा मोह होतो. घोडा एफ७ वर गेला तर काळा वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम माऱ्यात येतात. हातात घबाड लागल्यासारखे वाटते. पण काळा वजीर जी२ चे प्यादे मारून पांढऱ्या हत्तीवर चाल करतो. हत्ती एफ१ वर सरकतो. वजीर ई४ चे प्यादे मारून शह देतो. उंट ई२ वर आडवा येतो. आणि काळा घोडा एफ३ वर उडी मारून मात देतो. पांढऱ्या राजाभोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात. एकूण चाली सात.

मग हा गॅम्बिट ‘कच्चा’ का मानतात?

कारण त्याचे यश पूर्णपणे समोरच्याच्या लोभावर अवलंबून आहे. चौथ्या चालीत पांढऱ्याने प्याद्याचा मोह टाळून डी४ वरचा घोडाच मारला, तर काळ्याला प्याद्याने परत मारावे लागते. त्यानंतर काळ्याचा एकही मोहरा बाहेर आलेला नसतो आणि त्याची दोन प्यादी एकाच स्तंभात एकामागे एक अडकतात. पांढरा निवांतपणे किल्लेकोट म्हणजे कॅसलिंग करतो आणि वरचढ स्थितीत खेळतो. घोडा न मारता सरळ किल्लेकोट केला किंवा सी३ वर प्यादे ढकलले तरी पांढऱ्याचेच बरे चालते.

इतकेच नाही, तर प्यादे मारून बसल्यावरही सगळे संपत नाही. वजीर जी५ वर आल्यावर घोड्याऐवजी उंटाने एफ७ चे प्यादे शहासह मारायचे आणि लगेच किल्लेकोट करायचा. पांढरा एक मोहरा गमावतो, पण त्याला दोन प्यादी आणि मध्यावर ताबा मिळतो. शिवाय काळ्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क गेलेला असतो.

थोडक्यात, एका योग्य चालीने हा सापळा निकामी होतो. गणकयंत्राला तो फसवू शकत नाही, क्लासला जाणाऱ्या शाळकरी मुलालाही सहसा नाही. तरीही ब्लिट्झमध्ये तो चालतो, कारण तिथे विचाराला वेळ नसतो आणि समोरच्याने तो आधी पाहिलेला असेलच असे नाही.

कोण होते ब्लॅकबर्न?

जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न यांचा जन्म १० डिसेंबर १८४१ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. लहानपणी ते बुद्धिबळ खेळत नव्हते. त्याच पटावर सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या ड्राफ्ट्समध्ये मात्र ते तरबेज होते. १८५८ मध्ये अमेरिकेचा तरुण खेळाडू पॉल मॉर्फी युरोपात आला आणि एकामागून एक नामवंतांना हरवत सुटला. त्याच्या पराक्रमाच्या बातम्या वाचून ब्लॅकबर्न बुद्धिबळाकडे वळले. तेव्हा त्यांनी वयाची सतरा-अठरा वर्षे ओलांडली होती. आजच्या मोजमापाने ही फारच उशिराची सुरुवात. आज या वयात मुले ग्रँडमास्टर झालेली असतात.

पुढचा वेग मात्र थक्क करणारा होता. जुलै १८६१ मध्ये मँचेस्टरमधील सर्वांत बलवान खेळाडू एडवर्ड पिंडर यांनी त्यांना ५-० असे हरवले. तीनच महिन्यांनी ब्लॅकबर्न यांनी त्याच पिंडर यांना पाच विजय, दोन बरोबरी आणि एक पराभव अशा फरकाने मागे टाकले. १८६२ मध्ये ते शहराच्या क्लबचे विजेते झाले. डावाच्या अखेरच्या टप्प्याचे शास्त्र त्यांना त्याच क्लबमधील बर्नहार्ड हॉर्विट्झ यांनी शिकवले होते.

पट न पाहता खेळायला कसे शिकले?

नोव्हेंबर १८६१ मध्ये जर्मन खेळाडू लुई पॉल्सन मँचेस्टरला आले. पटाकडे न पाहता, केवळ चाली ऐकून आणि सांगून ते एकाच वेळी दहा जणांशी खेळले. हरणाऱ्यांमध्ये ब्लॅकबर्नही होते. पण पराभवापेक्षा त्यांना तो प्रकारच भावला. हे आपल्यालाही जमेल का, हे त्यांनी करून पाहिले आणि काही आठवड्यांतच ते स्वतः पट न पाहता अनेकांशी खेळू लागले.

हेच कसब पुढे त्यांच्या पोटापाण्याचे साधन झाले. ब्रिटनमधील शहरोशहरी आणि गावोगावी जाऊन ते क्लबांमध्ये प्रदर्शनी सामने खेळत. एका संध्याकाळी वीस-तीस पटांवर फिरत एकाच वेळी खेळायचे, दुसऱ्या संध्याकाळी डोळे पटाकडे न वळवता आठ-दहा जणांशी. त्यासाठी क्लब मानधन देत. हा दिनक्रम त्यांनी अनेक दशके चालवला. इंग्लंडच्या छोट्या गावांत बुद्धिबळ रुजण्यात या दौऱ्यांचा मोठा वाटा मानला जातो.

नावातला शिलिंग कुठून आला?

त्या काळी व्यावसायिक बुद्धिबळपटूला प्रायोजक नव्हते, पगार नव्हता, स्पर्धाही मोजक्याच. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर ‘सिम्पसन्स डिवान’ नावाचे प्रसिद्ध ठिकाण होते. कॉफी, सिगार, वर्तमानपत्रे आणि बुद्धिबळाचे पट असा तिथला थाट. नामवंत खेळाडू तिथे बसलेले असत. हौशी माणसाने यावे, शिलिंगची पैज लावावी आणि उस्तादाशी एक डाव खेळावा, अशी पद्धत होती. एका पाउंडाचे वीस शिलिंग होत. म्हणजे रक्कम छोटी. पण दिवसभरात असे कितीतरी डाव झाले तर घर चालायचे.

इथे गणित सोपे आहे. पैज डावागणिक असेल, तर डाव जितका लवकर संपेल तितकी कमाई जास्त. चार तास विचार करून मिळवलेला सुंदर विजय आणि पाच मिनिटांत सापळ्यात अडकवून मिळवलेला विजय, दोन्हींची किंमत एकच शिलिंग. या पार्श्वभूमीवरच या सापळ्याची कहाणी सांगितली जाते : ब्लॅकबर्न कॅफेतल्या नवख्या पाहुण्यांना या चालींनी झटपट हरवत आणि शिलिंग खिशात टाकत.

‘ब्लॅक डेथ’ हे नाव कसे पडले?

ब्लॅकबर्न यांना फक्त कॅफेतला खेळाडू समजणे मोठी चूक ठरेल. १८६२ च्या लंडन स्पर्धेत ते प्रथमच आंतरराष्ट्रीय मैदानात उतरले. वेळ मोजण्यासाठी तिथे वाळूची घड्याळे होती. एकूण क्रमवारीत ते मागे राहिले, पण पुढे पहिले विश्वविजेते झालेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झ यांना त्यांनी एका डावात हरवले.

१८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेत त्यांनी स्टाइनिट्झ यांच्यासह संयुक्त पहिले स्थान मिळवले. विजेता ठरवण्यासाठी झालेल्या लढतीत मात्र ते हरले. या स्पर्धेवरील पुस्तकात त्यांना ‘ब्लॅक डेथ’ असे संबोधले गेले आणि ते नाव कायमचे चिकटले. चौदाव्या शतकात युरोप उजाड करणाऱ्या प्लेगच्या साथीचे हे नाव. आडनावातला ‘ब्लॅक’, काळी दाढी आणि प्रतिस्पर्ध्यांची उडणारी दाणादाण, तिन्ही गोष्टींना ते शोभले.

कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय १८८१ मध्ये बर्लिनला मिळाला. दुसऱ्या क्रमांकावरील योहानेस झुकरटोर्ट यांच्यापेक्षा तब्बल तीन गुण अधिक मिळवत त्यांनी ती स्पर्धा जिंकली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत झुकरटोर्ट आणि स्टाइनिट्झ यांच्यामागे ते तिसरे आले. याच स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांनी घडवलेली दुहेरी घड्याळे वापरली गेली. एकाचे थांबले की दुसऱ्याचे सुरू. आज मोबाइलच्या पडद्यावर दोन कोपऱ्यांत पळणारे आकडे त्याच कल्पनेचे वंशज आहेत.

मग ते विश्वविजेते का झाले नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर १८७६ च्या एका सामन्यात दडले आहे. लंडनमध्ये स्टाइनिट्झ आणि ब्लॅकबर्न समोरासमोर आले. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ६० पाउंडांची पैज होती आणि सगळी रक्कम विजेत्याची. शिलिंगच्या हिशेबात पाहिले, तर हे एका बाजूचे १२०० डाव झाले. निकाल लागला ७-०. एकही डाव बरोबरीत सुटला नाही, सगळे स्टाइनिट्झ यांनी जिंकले.

ब्लॅकबर्न यांची ताकद हल्ला ही होती. दोन उंट आणि एक घोडा यांनी किल्लेकोट केलेल्या राजाला दिलेली मात आजही ‘ब्लॅकबर्न मात’ म्हणून शिकवली जाते. समोरच्याने चूक केली की ती ते क्षणात हेरत. पण स्टाइनिट्झ वेगळ्या मुशीतले होते. दिलेले प्यादे घ्यायचे, शांतपणे बचाव करायचा, हल्ला ओसरू द्यायचा आणि मग तो जास्तीचा मोहरा घेऊन जिंकायचे. ज्या चुकीची वाट पाहायची ती चूक समोरून होतच नसेल, तर हल्लेखोराने करायचे काय?

पुढेही हेच घडले. १८८७ मध्ये त्यांनी झुकरटोर्ट यांना सामन्यात हरवले. पण १८९२ मध्ये तरुण इमॅन्युएल लास्कर यांनी त्यांच्याविरुद्ध सहा डाव जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. स्पर्धांमध्ये ब्लॅकबर्न कोणालाही धूळ चारू शकत. पण एकाच बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी दीर्घ सामना झाला की त्यांची मर्यादा दिसत असे.

व्हिस्कीचे किस्से खरे आहेत का?

ब्लॅकबर्न यांना व्हिस्की प्रिय होती आणि ते त्यांनी लपवले नाही. सर्वांत गाजलेला किस्सा प्रदर्शनी सामन्यातला आहे. एका प्रतिस्पर्ध्याने आपला ग्लास पटाशेजारी ठेवला होता. फेरी मारत आलेल्या ब्लॅकबर्न यांनी चाल केली, ग्लास रिकामा केला आणि पुढच्या पटाकडे गेले. नंतर त्यांनी याचे समर्थन बुद्धिबळाच्याच भाषेत केले, की मोहरा बिनसंरक्षित होता, म्हणून जाता जाता मारला. किस्से काळाबरोबर रंगत जातात, हे लक्षात ठेवूनच ते वाचायला हवेत. मात्र मद्याची आवड, भडकणारा स्वभाव आणि अनिश्चित उत्पन्न यांच्या सोबतीने ते पन्नास वर्षांहून अधिक काळ खेळत राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

वयाच्या ७२ व्या वर्षी काय केले?

१९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जगातील अव्वल खेळाडूंची स्पर्धा भरली. लास्कर, कापाब्लांका, अलेखिन, रुबिनस्टाइन, टाराश असे दिग्गज त्यात होते. त्यांच्यात ७२ वर्षांचे ब्लॅकबर्नही बसले. अंतिम पाच जणांत ते पोहोचले नाहीत. पण विशीतल्या आरोन निम्झोविच यांना त्यांनी हरवले. पहिली चाल होती राजासमोरचे प्यादे एकच घर पुढे! पुढे आधुनिक बुद्धिबळाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरलेल्या खेळाडूला मॉर्फीच्या बातम्या वाचून शिकलेल्या म्हाताऱ्याने हरवले. त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत ते फ्रेडरिक येट्स यांच्यासह संयुक्त पहिले आले. प्रकृतीमुळे निर्णायक लढत त्यांना खेळता आली नाही.

१ सप्टेंबर १९२४ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी जेमतेम दीड महिना पॅरिसमध्ये ‘फिडे’ ही जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली होती. एक युग संपत असताना दुसरे सुरू झाले.

अखेर प्रश्न उरतो : हा गॅम्बिट त्यांचा आहे का?

उपलब्ध पुराव्यांवरून उत्तर आहे : तसे सिद्ध होत नाही. ब्लॅकबर्न यांनी या चाली खेळल्याचा एकही नोंदवलेला डाव सापडलेला नाही. १८९९ मध्ये त्यांच्या निवडक डावांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे असंख्य डाव त्या काळच्या वृत्तपत्रांत छापून आले. पण हा सापळा त्यांच्या नावावर लावता येईल असा डाव नाही. उलट या चालींची जुनी छापील नोंद १८९५ मध्ये आढळते ती त्यांचे जुने प्रतिस्पर्धी स्टाइनिट्झ यांच्या पुस्तकात. १९१२ मध्ये कोलोन येथे बोरिस्लाव्ह कोस्टिच यांनी या सापळ्याने डाव जिंकला, म्हणून काही जण त्याला कोस्टिच यांचे नाव देतात.

कॅफेतले शिलिंगचे डाव कोणी लिहून ठेवत नसे, हेही खरे. त्यामुळे ते हा सापळा कधीच खेळले नसतील असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ‘शिलिंग’ हा शब्द त्यांच्या नावाला थट्टेत जोडला गेला असावा, असेच दिसते. बर्लिनची स्पर्धा तीन गुणांनी जिंकणारा, पट न पाहता दहा जणांशी खेळणारा, ७२ व्या वर्षी निम्झोविचला हरवणारा माणूस आज लाखो मोबाइलवर सात चालींच्या एका फसवणुकीमुळे ओळखला जातो. आणि ती फसवणूक बहुधा त्याची नव्हतीच.

आपण हा सापळा खेळावा का?

मजेच्या डावात जरूर. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये हरण्याची किंमत काही गुण, इतकीच. पण एक हिशेब मांडून पाहा. समजा, दहापैकी तीन जण फसले. ते तीन डाव सात चालींत संपले आणि त्यातून तुम्ही नवे काही शिकला नाहीत. उरलेल्या सात डावांत तुम्ही चौथ्या चालीपासूनच मागे आहात. गुण वाढत गेले की समोर येणारे खेळाडू सुधारतात आणि फसणाऱ्या तिघांचे दोन, मग एक होतात.

ब्लॅकबर्न यांचे आयुष्यही काहीसे हेच सांगते. समोरच्याच्या चुकीवर शिलिंग मिळवता येतात, घरही चालवता येते. पण समोर स्टाइनिट्झ बसला की ७-० होते. आणि तरीही ते टिकले, कारण सापळ्यांच्या पलीकडे त्यांच्याकडे हॉर्विट्झ यांनी शिकवलेले शेवटच्या टप्प्याचे ज्ञान होते, अफाट स्मरणशक्ती होती आणि ५-० ने हरल्यावर तीन महिन्यांत परत येऊन बसण्याची तयारी होती.

लक्षात ठेवण्यासारखे

- काळ्याचा घोडा तिसऱ्या चालीत डी४ वर आला, तर ई५ चे प्यादे मारू नका. घोड्याने घोडा मारा.
- चुकून प्यादे मारलेच आणि वजीर जी५ वर आला, तर घोडा एफ७ वर नेऊ नका. उंटाने एफ७ वर शह द्या आणि मग किल्लेकोट करा.
- पुढच्या वेळी पडद्यावर ब्लॅकबर्न हे नाव दिसले, तर त्यांचा १९१४ चा निम्झोविचविरुद्धचा डाव शोधून एकदा खेळून पाहा. तो नक्की त्यांचाच आहे.